पणजोबांचे कूळ आणि चौसष्ट सेंटिमॉर्गन

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मराठी मुलखाबाहेरच्या मराठी घरांची पत्रे बरीच असतात. या वेळी त्यांतील एका पत्रासाठी सारी जागा खर्च करीत आहोत. पत्र तिरुवलंचुळीहून आले आहे. कुंभकोणमच्या पश्चिमेस, स्वामिमलैच्या शेजारी, तंजावरच्या वाटेवर हे लहान गाव आहे. तामिळ भाषेत ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळि’ म्हणजे वळण किंवा भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळते म्हणून हे नाव, असे सांगतात. तेथील पांढऱ्या विनायकाच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येतात. पत्र लिहिणाऱ्या भगिनी सेवानिवृत्त शिक्षिका असून घरात अद्याप मराठी बोलतात. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले, त्या काळात व त्यानंतर जी कुटुंबे दक्षिणेत आली, त्यांपैकी आपले एक, अशी त्यांच्या घरची समजूत आहे.

हकीकत अशी. परदेशी असलेल्या मुलाने हौसेने वडिलांसाठी डी.एन.ए. चाचणीची पेटी पाठविली. नळीत लाळ भरून ती परत धाडली. पुण्यास राहणाऱ्या एका वयोवृद्ध भाऊबंदांनीही हीच चाचणी केली होती. उभय घराण्यांच्या वंशावळीप्रमाणे या दोघांचे खापरपणजोबा एकच. निकाल आले तेव्हा पित्याकडील वंशशाखेच्या रकान्यात तिरुवलंचुळीच्या यजमानांपुढे ‘एच’ हे अक्षर होते आणि पुण्याच्या गृहस्थांपुढे ‘आर’. त्याच कागदावर या दोघांची जुळणी ‘६४ सेंटिमॉर्गन’ अशी दाखविली होती. पुण्याहून फोन आला, त्यात थट्टेच्या सुरात का होईना, एक वाक्य निघून गेले : म्हणजे तुम्ही आमचे नव्हेच की काय? तेव्हापासून नातेवाइकांत कुजबुज सुरू आहे, आणि तिचा रोख यजमानांच्या पणजीकडे आहे. या बाईंना घरातील हयात माणसांपैकी कोणीही पाहिलेले नाही. ‘जी उत्तर द्यायला उठून येऊ शकत नाही तिच्यावर असा ठपका यावा, हे मला सहन होत नाही. या अक्षरांचा आणि आकड्यांचा खरा अर्थ काय?’ असे भगिनींनी विचारले आहे. घरात शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांना हे सांगावे की न सांगावे, हा दुसरा प्रश्न.

शब्दांचा अर्थ लावणे हाच आमचा रोजचा उद्योग असल्यामुळे प्रथम शब्दांकडे वळू. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून येते, एक वडिलांकडून. डी.एन.ए. हा या गुणसूत्रांचा लांबच लांब धागा. त्यावर चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो आणि एका संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. बाजारात मिळणारी चाचणी हा सगळा मजकूर वाचीत नाही. माणसामाणसांत जेथे अक्षर बदललेले आढळते अशा सात-आठ लाख निवडक जागा तेवढ्या ती तपासते. एखाद्या जाड पोथीतील पाठभेद तेवढे टिपून घ्यावेत, तसा हा प्रकार आहे. दोन पोथ्यांतील पाठभेद जुळले तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असा तर्क संशोधक करतात. येथेही तर्क तोच.

२३ जोड्यांपैकी २२ स्त्री-पुरुषांत सारख्या असतात, त्यांना अलिंगी गुणसूत्रे म्हणतात. उरलेली जोडी लिंगगुणसूत्रांची. स्त्रीत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. हे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, जवळजवळ जसेच्या तसे उतरते. हजारो वर्षांत त्यावर अधूनमधून एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या सर्व पुरुषांत कायम राहतो. अशा बदलांवरून जगातील पुरुषांच्या पितृवंशाचा एक वृक्ष शास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्याच्या मोठ्या फांद्यांना रोमन अक्षरे दिली आहेत. या फांदीला इंग्रजीत हॅप्लोग्रुप म्हणतात. आम्ही येथे ‘वंशशाखा’ हा शब्द योजला आहे. मात्र गोत्र, प्रवर किंवा कूळ यांच्याशी तिचा संबंध जोडू नये. एच आणि आर या दोन्ही शाखा भारतात विपुल आढळतात, आणि एकाच गावात, एकाच जातीत, किंबहुना एकाच गोत्राचे म्हणविणाऱ्या घरांतही त्या शेजारी शेजारी नांदत असतात.

यासारखाच दुसरा धागा आईकडून येतो. पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका असतात आणि त्यांच्यापाशी स्वतःचा १६,५६९ अक्षरांचा लहानसा डी.एन.ए. असतो. तो आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पुढे मात्र मुलीच तो देतात. त्याच्याही वंशशाखांना अक्षरेच दिली आहेत. येथे एक घोटाळा हमखास होतो. पितृवंशाचा ‘एच’ आणि मातृवंशाचा ‘एच’ यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पहिला हिंदुस्थानात फार आढळतो, दुसरा युरोपात. निकालाच्या कागदावर दोन्ही जवळजवळ छापलेले असतात आणि वाचणारा गोंधळतो. भारतातील निम्म्याहून अधिक लोकांच्या मातृवंशाचे अक्षर ‘एम’ असते, तेव्हा तेवढे अक्षर पाहून कोणी आपले मूळ ठरवू म्हणेल तर त्यात फारसा अर्थ नाही.

हे दोन धागे वेगवेगळी कथा सांगू शकतात, याचे एक उत्तम उदाहरण मराठी भाषकांतच आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज नावगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली परंपरा सांगतो. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारचा विसावा यांमुळे त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, नावगावकर ही त्यांची आडनावे ऐकून कोणालाही कुलाबा जिल्ह्याची आठवण व्हावी. त्यांच्या मातृवंशाच्या तपासणीत बहुतांश धागे येथलेच आढळले. पितृवंशात पश्चिम आशियाशी नाते सांगणाऱ्या खुणाही मिळाल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समग्र डी.एन.ए. पाहता ज्यू आणि भारतीय हे दोन्ही वारसे त्यांच्यात भरीव प्रमाणात असून त्यांचा संगम सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला, असा निष्कर्ष निघाला. नुसता आईचा धागा पाहणाऱ्याने त्यांना केवळ कोकणी म्हटले असते, आणि नुसत्या वडिलांच्या धाग्यावर भिस्त ठेवणाऱ्याने त्यांना केवळ परदेशी ठरविले असते. दोघांचीही अर्धी बाजू राहून गेली असती.

आता तिरुवलंचुळीच्या कागदाकडे पाहू. एच आणि आर या फांद्या ज्या ठिकाणी एकमेकींपासून फुटल्या, ते ठिकाण इतके जुने आहे की त्या वर्षांची मोजणी दहा-दहा हजारांनी करावी लागते. तेव्हा या दोन गृहस्थांचा पितृवंश, म्हणजे बाप, बापाचा बाप, त्याचा बाप अशी अखंड पुरुषमाळ, खापरपणजोबांपाशी एकत्र येत नाही, एवढे निश्चित. वाय गुणसूत्र याहून अधिक काही सांगत नाही. माळ कोठे तुटली, कोणत्या पिढीत तुटली, कशाने तुटली, हे ते अक्षर सांगू शकत नाही. आणि कोणाच्या बाजूला तुटली हेही सांगत नाही! पुण्याची माळ अखंड आणि तिरुवलंचुळीची तुटकी, हे गृहीत कोणी धरले? केवळ पुणे हे मूळ मुलखाच्या जवळ आहे, एवढ्यावरून तसे धरता येत नाही. खापरपणजोबांपासून दोन्हीकडे चार-चार दुवे आहेत. या आठांपैकी कोणताही एक सुटलेला असू शकेल.

दुवा सुटला म्हणजे स्त्रीचे पाऊल घसरले, हा अर्थ लावण्याची घाई पुष्कळ लोक करतात. त्यांनी आपल्याच समाजाचा इतिहास नीट वाचलेला नसतो. आपल्याकडे वंशाची माळ विधिपूर्वक, समारंभाने, अग्नीच्या साक्षीने तोडून पुन्हा ओवण्याची रीत शतकानुशतके होती. तिचे नाव दत्तविधान. तंजावरचे उदाहरण घ्या. १७८७ साली तुळजाराजांनी मरणापूर्वी सरफोजींना दत्तक घेतले. हे दत्तक शास्त्रोक्त नाही, असे मत पंडितांकडून मिळवून अमरसिंहांना गादीवर बसविण्यात आले, आणि पुढे अकरा वर्षांनी, १७९८ मध्ये, तेच दत्तक ग्राह्य ठरून सरफोजी राजे झाले. शास्त्रीपंडितांची मते त्या अकरा वर्षांत कशी फिरली, हा निराळाच अभ्यासाचा विषय आहे. याच सरफोजींच्या काळात, १८०३ मध्ये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. दत्तक म्हणून गादीवर आलेल्या राजाने कुळाचा इतिहास दगडात उतरविला आणि त्यात कोणालाही विसंगत वाटले नाही. सरफोजी हे भोसल्यांच्याच एका शाखेतले असल्यामुळे वाय गुणसूत्राच्या दृष्टीने तेथे कदाचित फरकही पडला नसेल. पण सगळी दत्तके भाऊबंदांतून होत नसत.

येथे दक्षिणेतील एक रूढी लक्षात घेतली पाहिजे. द्विजांनी बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेऊ नये, असे दत्तकावरचे धर्मग्रंथ सांगतात. तथापि दक्षिण भारतात ब्राह्मणांतही भाचा वा दौहित्र दत्तक घेण्याची रूढी होती आणि इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी ती मान्यही केली. समजा, यजमानांच्या पणजोबांना मुलगा नव्हता आणि त्यांनी बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला. तो मुलगा, म्हणजे यजमानांचे आजोबा, आपल्या जन्मदात्याचे वाय गुणसूत्र घेऊन या घरात आला. ते अर्थातच बहिणीच्या सासरचे. आज दीडशे वर्षांनी चाचणीच्या कागदावर ‘आर’च्या जागी ‘एच’ उमटायला एवढे पुरेसे आहे. आणि तरीही हा मुलगा खापरपणजोबांचा सख्खा नातूच होता, मुलीकडून.

हे केवळ अनुमान म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्याच कागदावर एक आकडा आहे. चौसष्ट सेंटिमॉर्गन. कुजबुजणाऱ्यांनी अक्षर पाहिले आणि आकडा सोडून दिला.

सेंटिमॉर्गन हा शब्द कानाला विचित्र लागतो. फळमाशीवरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचा पाया घालणारे अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावावरून हे माप पडले आणि ते नाव सुचविणारे होते जे. बी. एस. हॉल्डेन. हॉल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. दक्षिणेतील मामा-भाचीच्या विवाहांचा आनुवंशिक अभ्यास व्हावा अशी त्यांची आस्था होती. त्या विवाहांचा संबंध या विषयाशी पुढे येणारच आहे.

आई-बापांकडून मिळालेली गुणसूत्रे पुढे देताना त्यांच्यात देवाणघेवाण होते. पत्त्यांचे दोन जोड पिसावेत तसे तुकडे इकडचे तिकडे होतात. दोन जागांमध्ये एका पिढीत अशी तुटफूट होण्याचा संभव शेकडा एक असेल, तर त्या जागांतील अंतर एक सेंटिमॉर्गन. म्हणजे हे अंतर इंच-फुटांचे नसून संभवाचे आहे. दोन माणसांत डी.एन.ए.चे जे तुकडे सलग सारखे आढळतात, त्यांच्या लांबीची बेरीज चाचणीवाले या मापात देतात. हीच ‘जुळणी’. बाप-लेकांत ती सुमारे ३,४०० ते ३,५०० भरते. ज्यांचे आजोबा-आजी एक, अशा चुलत-मावस भावंडांत सरासरी ८७० च्या आसपास, पणजोबा-पणजी एक असतील तर २३० च्या आसपास आणि खापरपणजोबा एक असतील तर सत्तरच्या आसपास. ही सरासरी आहे, हे विसरू नये. शेवटच्या नात्यात दहांतील एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही, आणि काहींत दोनशेच्याही वर जाते. शिवाय एकच आकडा अनेक नात्यांना शोभतो. १,७५० च्या सुमारास जुळणी आली तर ते आजोबा-नातू असतील, काका-पुतणे असतील किंवा सावत्र भावंडेही असतील. चाचणीचा कागद यांपैकी एका नात्याचे नाव छापून मोकळा होतो आणि वाचणाऱ्याला वाटते, हाच निकाल. ते नाव म्हणजे एक शक्यता असते, एवढेच.

तिरुवलंचुळी आणि पुणे यांच्यातील चौसष्ट हा आकडा खापरपणजोबा एक असलेल्या दोघांना अगदी शोभण्याजोगा आहे. बहिणीचा मुलगा दत्तक आला असेल तर तो असाच राहील, कारण बहिणीकडून असो वा भावाकडून, खापरपणजोबांपर्यंतच्या पायऱ्या तितक्याच. अगदी परका मुलगा घरात आला असता, किंवा कुजबुज करणाऱ्यांच्या मनातला प्रकार खरा असता, तर या घराचे आणि पुण्याच्या घराचे रक्त पणजोबांपाशीच तुटले असते आणि जुळणीच्या रकान्यात बहुधा शून्य किंवा अगदी किरकोळ आकडा आला असता. ज्या कागदाच्या आधारे पणजीवर बोट दाखविले जात आहे, तोच कागद तिच्या बाजूने साक्ष देतो आहे.

ही साक्ष निर्णायक मात्र नाही, आणि त्याचे कारण आपल्या विवाहपद्धतीत आहे. चाचणीवाल्यांची कोष्टके मुख्यतः अशा समाजांवरून तयार झाली आहेत की जेथे नवरा-बायको एकमेकांचे नातलग नसतात. आपल्याकडे जातीतच विवाह होत आले. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. के. तंगराज आणि अमेरिकेतील संशोधक यांनी २०१७ साली दक्षिण आशियातील २६० हून अधिक गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ गटांत थोड्या मूळपुरुषांपासून सगळा विस्तार झाल्याच्या खुणा, या बाबतीत जगभर दाखला दिल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांहूनही ठळक आढळल्या. अशा गटांत कोणतीही दोन माणसे घेतली तरी काही ना काही जुळतेच. त्यात मराठी मुलखात मामेबहिणीशी आणि दक्षिणेत मामा-भाचीचे विवाह. मामा आणि भाची यांचा चौथा हिस्सा डी.एन.ए. आधीच समाईक असतो. त्यांच्या वंशजांत आकडे फुगतात आणि दूरचा नातलग जवळचा दिसू लागतो. दूर देशी मोजक्या घरांत राहून आपसांत सोयरिकी करणाऱ्या तंजावरी मराठी कुटुंबांना हे विशेष लागू आहे. तेव्हा चौसष्टांतील काही भाग एखाद्या विसरलेल्या सोयरिकीचाही असू शकेल. याची परीक्षा एका साध्या गोष्टीने होते. जुळलेले तुकडे किती आहेत आणि सर्वांत लांब तुकडा केवढा, हे पाहावे. पाच-सहा सेंटिमॉर्गनचे बारीक तुकडे पुष्कळ असतील तर ती जातीच्या जुन्या नात्याची पुंजी. वीस-तीसचा एखादा सलग तुकडा असेल तर तो बहुधा अलीकडच्या पूर्वजाचा.

मुलुखांच्या टक्केवारीविषयी दोन शब्द पुरेत. ‘अमुक टक्के दक्षिण भारतीय, तमुक टक्के पश्चिम भारतीय’ असे जे रंगीत वर्तुळ असते, ते त्या संस्थेजवळ असलेल्या आजच्या माणसांच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेले असते. नमुने वाढले की टक्केवारी बदलते, लाळ तीच असली तरी. भगिनींनी ‘यावरून आमचे मूळ गाव सातारा की पैठण हे कळेल काय’ असे विचारले आहे. कळणार नाही. व्यंकोजींच्या काळापासून आजपर्यंत साधारण बारा पिढ्या धरल्या तर बाराव्या पिढीत पूर्वजांच्या ४,०९६ जागा होतात. त्यांतील बहुतेकांच्या डी.एन.ए.चा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. त्या काळी घोड्यावरून वा पायी कावेरीकाठी आलेला तो पहिला पुरुष यजमानांच्या लाळेत सापडेलच अशी खात्री कोणी देऊ शकणार नाही.

गाव शोधायचे ते कागदातच. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राजदरबारचे मोडी कागद आहेत. त्यांतील काहींचे तामिळ भाषांतर तंजावरच्याच तामिळ विद्यापीठाने छापले आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजांच्या नोंदी मिळतात. या वह्यांत गाव आणि घराणे पाहून नाव शोधतात, आणि तामिळनाडूतील मराठी घरांची पंचाईत नेमकी येथेच होते. आडनाव गळून ‘राव’ राहिले आणि नावापुढे गावाचे व वडिलांच्या नावाचे एकेक आद्याक्षर. दोन अक्षरांत दोन पिढ्यांचा पत्ता मिटून गेलेला असतो. म्हणून जुन्या दस्तऐवजांत जेथे आद्याक्षराऐवजी पूर्ण नाव आले असेल तो कागद सोन्याच्या मोलाचा मानावा. दत्तकाचा कागद झाला असल्यास त्याची नोंद कुंभकोणमच्या नोंदणी कचेरीत किंवा घरच्या जमिनीच्या वाटणीपत्रात सापडण्याचा संभव आहे. वाटणीपत्र आधी पाहावे. दत्तकाचा उल्लेख त्यात सहसा चुकत नाही, कारण हिस्सा त्यावरच ठरतो.

चाचणीनेच पुढे जायचे असेल तर आणखी दोन माणसांची गरज आहे. यजमानांच्या आजोबांना दुसरा मुलगा असल्यास त्याच्या शाखेतील एखादा पुरुष. त्याचेही अक्षर ‘एच’ आले तर दुवा आजोबांपाशी किंवा त्याच्या वर सुटला असे ठरेल. आणि खापरपणजोबांपासून निघालेल्या तिसऱ्या एखाद्या शाखेतील पुरुष, म्हणजे पुण्याचे अक्षर तरी मूळचे आहे की नाही हे कळेल. मात्र नुसते अक्षर जुळले म्हणजे नाते सिद्ध झाले असेही नाही. ‘आर’ अक्षराचे पुरुष कोट्यवधी आहेत. त्याच्या उपशाखा आणि सूक्ष्म खुणा जुळल्या पाहिजेत.

या माणसांना नमुना मागण्यापूर्वी त्यांची मोकळी संमती घ्यावी, आणि निकाल मनाविरुद्ध आला तर तो कोणाकोणाला सांगायचा हे आधी ठरवावे. लाळ एकाची असली तरी उघड होणारी माहिती साऱ्या भाऊबंदांची असते. ती कोठे साठते याचाही विचार व्हावा. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या अमेरिकन कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरट्यांच्या हाती लागली. त्याच कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे तिचा ताबा बदलला. अशा संस्थांकडे नमुना नष्ट करण्याची व माहिती पुसून टाकण्याची मागणी करता येते. काम झाल्यावर ती करावी, असे आमचे मत आहे.

कायद्याच्या बाजूने भगिनींनी निश्चिंत असावे. दत्तक गेलेला मुलगा दत्तक घराचा पुत्र होतो, त्याला त्या घराचे गोत्र आणि वारसा मिळतो, हे जुन्या हिंदू धर्मशास्त्राचेच मत होते. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या बाराव्या कलमानेही दत्तकाच्या दिवसापासून तो सर्व बाबतींत दत्तक माता-पित्यांचा मुलगा मानला आहे. विवाहबंधनात जन्मलेले मूल हे त्या पतीचेच, असे गृहीतक पूर्वी पुराव्याच्या कायद्यात ११२ व्या कलमात होते आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते ११६ व्या कलमात आहे. मुलाच्या पितृत्वाबद्दल डी.एन.ए. चाचणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येही बजावले. तेव्हा नवरात्र कोणी बसवायचे, कुळधर्म कोणी चालवायचा, हा प्रश्न ‘एच’ आणि ‘आर’ यांच्यावर सोपविण्याचे कारण नाही. तो दीडशे वर्षांपूर्वीच मिटला आहे.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना सांगावे की नाही, असे विचारण्याऐवजी त्यांनाच प्रथम विचारावे, असे आम्हांस वाटते. कागदाचा उल्लेखही न करता विचारता येईल. जुन्या पिढीतील स्त्रियांना वंशावळ पाठ नसली तरी देणे-घेणे, सोवळे-सुतक आणि मानपान पाठ असतात, आणि दत्तकाच्या खुणा नेमक्या तेथेच राहतात. मामंजींच्या वडिलांना कोणाच्या मृत्यूचे तीन दिवसांचे सूतक आले होते काय? दत्तक गेलेल्या मुलाने जन्मदात्यांचे सूतक तीन दिवस पाळण्याची रीत अनेक घरांत होती. लग्नकार्यात मामाच्या घरचा म्हणून नव्हे आणि भाऊबंद म्हणूनही नव्हे, अशा कोणत्या घराला पहिला विडा जात असे? त्या घराशी सोयरीक कधीच का जमविली नाही? कोणा आत्याबाईचे नाव घरात आईसारखे घेतले जात असे काय? सासूबाईंची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावीत, तामिळमिश्रित मराठीत असली तर तशीच, आणि वर तारीख घालावी. त्यांत एखाद्या घराचे नाव निघाले तर त्या घरातील पुरुषाचे अक्षर ‘एच’ आहे की नाही, हे पाहणे पुढचे काम.